डावं चाक

नाशिकला माझं रेडिओ कंट्रोल विमानांचं छोटं वर्कशॉप आहे. लोक मोडलेली विमानं आणतात, नवी खोकी आणतात, सेटिंग करून मागतात. पुष्कळांना पहिलं उड्डाण माझ्या हातून व्हावं असं वाटतं. त्याला आम्ही मेडन म्हणतो. इलेक्ट्रिक पंख्यावर चालणारी जेटं मात्र कमी येतात. महाग असतात, सहसा चार-पाच मिनिटांच्या वर उडत नाहीत आणि त्यांना पक्का रस्ता लागतो. गेल्या जानेवारीत असं एक जेट आलं.

आणणारे काका पंचाहत्तरीतले, ओझरच्या एचएएलमधून, म्हणजे सरकारी विमान कारखान्यातून निवृत्त. १९७३ मध्ये लागले ते थेट मिग-२१च्या लाइनवर. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला, अशी तेव्हाची वाटणी होती. आपल्याकडे सहाशेच्या वर मिग-२१ अशी बनली. काकांनी त्यातली वर्षानुवर्षं शेपटाच्या बाजूला काढली. आणि आणलं होतं तेही मिग-२१च, ८० मिलिमीटर पंख्याचं, फोमचं. मुलाने तीन वर्षांपूर्वी दिलेलं. मध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि खोकं माळ्यावर गेलं. २६ सप्टेंबर २०२५ला चंडीगडला हवाई दलाने मिग-२१ला निरोप दिला, तो सोहळा त्यांनी टीव्हीवर बसून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी खोकं खाली काढलं. पुढचे तीन महिने रंगकामात गेले. पंखाखालच्या बारीक खुणासुद्धा हाताने काढल्या होत्या, आणि नाकावर त्यांच्या हाताखालून गेलेल्या एका विमानाचा नंबर.

"उडेल ना रे हे?" एवढंच विचारलं त्यांनी.

पहिल्यांदा बॅटऱ्या बाजूला काढल्या. सहा सेलच्या दोन लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर बॅटऱ्या होत्या, दोन्ही फुल चार्ज करून तीन वर्षं कपाटात ठेवलेल्या. फुगून त्यांच्या उशा झाल्या होत्या. लिपो ठेवायची तर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवायची, भरून ठेवली की आतून सडते. काकांना हे कोणी सांगितलेलंच नव्हतं, आणि विकणाऱ्याने सांगायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं, कारण अशी फुगलेली बॅटरी घरात पेट घेऊ शकते. ५००० एमएएचची नवीन बॅटरी घेतली. विमान टेबलाला बांधून फुल थ्रॉटल दिला, म्हणजे पंखा पूर्ण जोरात फिरवला, तेव्हा मीटरवर ९५ अँपिअर आणि २१.६ व्होल्ट दिसले. म्हणजे दोन हजार वॉटच्या वर. घरच्या गीझरला लागते तेवढी वीज तीन किलोच्या विमानात, तीही एवढ्याशा बॅटरीतून. या हिशेबाने सगळा वेळ फुल थ्रॉटल ठेवला तर बॅटरी तीन मिनिटांत संपते. म्हणून टायमर साडेतीन मिनिटांचा लावला आणि थ्रॉटल हात राखून वापरायचा ठरवला.

मग सीजी, म्हणजे विमानाचा तोल जिथे साधतो तो बिंदू. जेटचं उतरणं निम्मं तिथेच ठरतं. शेपूट जड असलेलं जेट वर असताना कदाचित सांभाळता येईल, पण उतरताना वेग कमी झाला की नाक आपोआप वर जातं आणि मग हातात काही राहत नाही. हे विमान ११ मिलिमीटर मागे भरलं. बॅटरी पार पुढे सरकवूनही. काकांच्या रंगाचं वजन शेपटाकडे जास्त होतं. टायरवाल्याकडून चाकं बॅलन्स करायची वजनं आणली आणि ६० ग्रॅम शिसं नाकात चिकटवलं, तेव्हा कुठे बोटांवर ते सपाट राहिलं.

शेपटाचं काम काकांनी मला करू दिलं नाही. मिग-२१ला मागचा आडवा पंख अख्खाच्या अख्खा हलतो, नाक वरखाली करणारी वेगळी पट्टी, म्हणजे एलेव्हेटर, नसतो, आणि मॉडेलमध्येही तसंच आहे. काकांनी टोक दोन बोटांत धरलं, कान जवळ नेला आणि अगदी हळू वरखाली केलं. मला काही ऐकू आलं नाही. "खेळ आहे," ते म्हणाले. "उजवीकडे." उघडून पाहिलं तर स्क्रू अर्धा फेरा सैल होता. वेगात असताना असा पंख फडफडायला लागला तर सेकंदात तुटून जातो. त्या बोटांना ते कळलं, माझ्या नजरेतून सुटलं होतं.

त्या संध्याकाळी चहा घेताना मी त्यांना उतरवण्याबद्दल सांगत होतो. प्रोपेलरच्या विमानात थ्रॉटल दिला की हवा लगेच पंखावर आणि शेपटावर येते, चूक झाली तर सावरता येतं. पंख्याच्या जेटमध्ये ती हवा सरळ मागून निघून जाते, शिवाय पंखा फिरत वर यायला सेकंद-दीड सेकंद घेतो. त्रिकोणी पंखाचं विमान तर फसवं. नाक वर करून ते हळू येताना दिसतं, शांत दिसतं, पण आतून ते खाली बसत असतं. म्हणून थ्रॉटल शेवटपर्यंत सोडायचा नाही, चाकं टेकेपर्यंत.

काका हसले. "खरंही तसंच होतं रे. नंतरच्या मिगमध्ये इंजिनातली हवा काढून पंखाच्या मागच्या कडेच्या फ्लॅपवरून फुंकायचे. ती हवा आहे तोवर विमान पंखांवर. उतरताना पायलटने थ्रॉटल मागे घेतला की हवा गेली, आणि हवा गेली की विमान दगडासारखं." मग बराच वेळ ते कप हातात घेऊन बसले. त्यांनी पाहिलेले, त्यांच्या हातून गेलेले आणि परत न आलेले, यांच्याबद्दल ते बोलले. ते मी इथे लिहिणार नाही, ते त्यांचं आहे.

रविवारी सकाळी सिन्नरच्या पुढे एका प्लॉटिंगच्या रस्त्यावर गेलो. मालकाची परवानगी होती, १५० मीटर सरळ डांबर, एका बाजूला कांद्याचं वावर आणि दुसऱ्या बाजूला वाळकं गवत. ओझरचा विमानतळ तिथून लांब, ड्रोनच्या नकाशावर हिरवा पट्टा, म्हणजे उडवायला मोकळी जागा, ते मी आधीच बघून ठेवलं होतं. ज्यांनी आयुष्यभर विमानं बनवली त्यांच्यासोबत त्या बाबतीत हयगय करणं मला शोभलं नसतं. थंडी चांगली होती, आठ-नऊ अंश असेल. गार लिपो ताकद देत नाही म्हणून बॅटरी काकूंच्या शालीत गुंडाळून आणली होती. रेडिओची रेंज तपासली, सिग्नल तुटला तर विमान काय करेल तो फेलसेफ तपासला, विमान स्टँडवर उलटं ठेवून चाकं दोनदा आतबाहेर केली. सगळं व्यवस्थित. काका दुर्बीण घेऊन माझ्या डाव्या खांद्यापाशी उभे राहिले.

साठेक मीटर धावल्यावर नाक उचललं. चाकं आत घेतली आणि मागच्या आडव्या पंखाला रेडिओवरून दोन क्लिक खाली ट्रिम दिला, म्हणजे नाक जरासं खाली राहील असं बसवलं, की विमान रुळावर ठेवल्यासारखं चाललं. उन्हात ती चंदेरी कातडी वळताना चमकली तेव्हा काकांच्या तोंडून "अगं आई गं" एवढंच निघालं.

मेडनला मी नेहमी वर असतानाच उतरण्याची तालीम करतो. उंची घ्यायची, चाकं आणि फ्लॅप सोडायचे, वेग कमी करायचा आणि विमान काय म्हणतं ते बघायचं. एक मिनिट पन्नास सेकंदांना मी चाकांचा स्विच टाकला.

"डावं नाही आलं," काका म्हणाले. दुर्बिणीवरून डोळा काढला नाही. "पुढचं आलंय, उजवं आलंय. डावं दारासकट आत."

वर घेतली, परत सोडली. "नाही."

त्या क्षणी डोक्यात काय चालतं ते सांगतो. दोन चाकांवर उतरणं सर्वांत वाईट, रस्त्यावर पंख टेकला की विमान गरकन फिरतं आणि गडगडतं. त्यापेक्षा सगळी चाकं आत घेऊन गवतात पोटावर बसवलेलं बरं. पण त्या गवतात दगड होते, आणि पोटाखाली काकांनी तीन महिने काढलेल्या खुणा होत्या. दोन मिनिटं चाळीस. हातातला रेडिओ सेलचे व्होल्ट बोलून सांगत होता, ३.६.

"चाकं सोडून एकदा जोरात ओढ," काका म्हणाले. आवाज इतका थंड होता की मला वाटलं, हा माणूस आत्ता हँगरमध्येच उभा आहे. "वजन पडलं की निघेल. नाही निघालं तर सगळी आत घे आणि गवतात टाक. माझा विचार करू नकोस."

वेग घेतला, चाकं आत घेतली, स्विच टाकला आणि त्याच सेकंदाला स्टिक मागे ओढली. विमान उभं चढलं. मी श्वास धरून होतो.

"आलं. पूर्ण आलं. लॉक आहे. उतर आता."

तीन मिनिटं दहा. त्या ओढाओढीने बॅटरी खाल्ली होती, पुन्हा फेरी मारायला ती नव्हती. म्हणजे एकच संधी. लांबून वळलो, फायनलला, म्हणजे रस्त्याच्या सरळ रेषेत आलो, नाक थोडं वर, थ्रॉटल तिसऱ्या हिश्श्यापेक्षा किंचित वर. रस्ता एकदम आखूड दिसायला लागला. असं झालं की हात आपोआप थ्रॉटल मागे घ्यायला जातो. इतक्या वर्षांनंतरही जातो. काका पुटपुटत होते, मला की कोणाला ते कळलं नाही, "सोडू नको, सोडू नको, सोडू नको."

रस्त्याच्या कडेवरून ते आत आलं, कमरेएवढं, मग गुडघ्याएवढं. मागची दोन चाकं एकदम टेकली, तो बारीक चीं आवाज मला अजून ऐकू येतो. तेव्हा थ्रॉटल सोडला. नाक आपलं आपण खाली आलं. रस्ता संपायच्या वीसेक मीटर आधी विमान थांबलं.

काकांना गुडघ्यावर बसता येत नाही, तरी ते बसले. डाव्या चाकाच्या दाराच्या कडेवरून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. लाल रंग लागला होता. आदल्या रात्री सेटिंग झाल्यावर त्यांना आठवलं होतं की दाराची आतली कड लाल करायची राहिली. हार्डवेअरच्या दुकानातला ऑइलपेंट होता, तो थंडीत सुकलाच नव्हता. मी सकाळी चाकं आत घेऊन लगेच बाहेर काढली, तेवढ्यात तो धरला नाही. वर गेल्यावर मोटरने दार दाबून बसवलं, दीड मिनिटात चिकटलं. जोर जास्त लागला की चाकाची मोटर स्वतःला वाचवायला थांबते, तशी ती थांबत होती. त्यांनी रंगाचं सांगितलं नाही ही त्यांची चूक, आणि मी चाकं आत ठेवून पाच मिनिटं थांबलो नाही ही माझी. आता थांबतो, प्रत्येक विमानाला.

बॅटरी उतरवली तेव्हा सेलला ३.५८ होते. मी एरवी ३.७च्या खाली जाऊ देत नाही. त्या दिवशी दुसरं उड्डाण केलं नाही. काकूंनी दिलेले पोहे खाल्ले आणि निघालो.

काकांनी कड घासून काढली, परत रंगवली आणि आठ दिवस उन्हात ठेवली. पुढच्या रविवारी ते दुर्बीण गळ्यात अडकवून आले, पण विमान वर गेल्यावर ती तशीच राहिली. उतरायची वेळ झाली तेव्हा हळूच म्हणाले, "चाकं मी सोडू का रे?"

मी रेडिओ थोडा त्यांच्याकडे तिरका केला. त्यांनी अंगठ्याने स्विच टाकला आणि वर बघत मोजलं, "पुढचं. उजवं. डावं."