दोनदा पाडाव झालेल्या एका स्कूनरचा माग

‘सेंट लॉरेन्स’ या ब्रिटिश आरमारी स्कूनरचा (दोन डोलकाठ्यांच्या छोट्या शिडाच्या जहाजाचा) सेवा-इतिहास जुळवायला घेतला, तेव्हा दोन-तीन शनिवारांत हे काम उरकेल असे वाटले होते. प्रत्यक्षात लंडनमधील क्यू येथील ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात माझ्या अकरा फेऱ्या झाल्या. वाचकपत्र सहज मिळाले. आत पेन चालत नाही, पेन्सिल चालते.

पहिली चूक मी केली ती नावावर विसंबण्याची. जी हजेरीबुके मागवली त्यांत शेकडो खलाशांची नावे निघाली, आणि दोन डोलकाठ्यांच्या जहाजावर एवढी माणसे मावतील कुठे, हा प्रश्न मला दुपारी उशिरा पडला. ती बुके 1814 मध्ये ऑन्टारिओ सरोवरात उतरवलेल्या 112 तोफांच्या त्याच नावाच्या जहाजाची होती. माझी स्कूनर मुळात ‘अ‍ॅटलास’ नावाची, शत्रूची जहाजे पकडण्याची सरकारी सनद घेऊन लढणारी खासगी अमेरिकन स्कूनर होती. 1812 ते 1815 च्या ब्रिटन-अमेरिका युद्धात, जुलै 1813 मध्ये, ब्रिटिशांनी नॉर्थ कॅरोलिनातील ओक्राकोक येथे ‘अ‍ॅनाकोंडा’या दुसऱ्या अमेरिकन जहाजासोबत तिचा पाडाव केला, म्हणजे तिला पकडून ताब्यात घेतले. (आपल्या जुन्या आरमारी कागदांतला ‘पाडाव’ हा शब्द येथे अगदी चपखल बसतो.) ‘अ‍ॅनाकोंडा’चे नाव टिकले, हिचे बदलले, ब्रिटिश आरमारात 1782 पासून एक ‘अ‍ॅटलास’ होतेच, हे त्याचे कारण असावे असा माझा तर्क आहे.

पाडाव झालेल्या जहाजाचे आधीचे कागद त्याच्या नव्या नावाखाली सापडत नाहीत, म्हणून ते जिंकणाऱ्याच्या दप्तरात शोधावे लागतात, हे उमगल्यावर मी रिअर अ‍ॅडमिरल कॉकबर्नच्या ‘सेप्टर’ या जहाजाकडे वळलो. ओक्राकोकच्या मुखाशी वाळूचा उथळ दांडा असल्यामुळे मोठी जहाजे बाहेर थांबली आणि हल्ला होड्यांतून झाला. पुढे जून 1814 मध्ये मेरीलँडमधील पटक्सेंट नदीत अमेरिकन अधिकारी जोशुआ बार्नीच्या तोफनौकांविरुद्धच्या मोहिमेत आपली स्कूनर दिसते. हजेरीबुकातील ‘डीडी’ ही खूण मी बराच वेळ ‘दोनदा बदली’ अशी वाचत होतो. तिचा अर्थ मृत्यू असा आहे.

सर्वाधिक वेळ गेला तो शेवटच्या लढतीत. 26 फेब्रुवारी 1815 रोजी हवानाजवळ अमेरिकन कप्तान थॉमस बोइलच्या ‘शॅसर’ या सनदी खासगी जहाजाने सुमारे पाव तासात हिला जिंकले. युद्ध संपवणारा गेंटचा तह 24 डिसेंबर 1814 लाच झाला होता, त्यामुळे हा पाडाव बेकायदा असावा असे मी गृहीत धरले होते. मात्र तहाचे दुसरे कलम वाचल्यावर उलगडा झाला: 17 फेब्रुवारीला मंजुरीपत्रांची देवाणघेवाण झाल्यानंतर अमेरिकन किनाऱ्यालगतच्या समुद्रासाठी 12 दिवसांची, तर वेस्ट इंडीजसाठी 30 दिवसांची मुदत होती, त्यानंतर पकडलेलीच जहाजे परत करायची होती, आणि ही लढत नवव्या दिवशी झाली.

मृतांचा आकडा मात्र जुळत नाही. बोइल 15 सांगतो, ब्रिटिश 6. जहाजावर खलाशांखेरीज सैनिक आणि इतर प्रवासीही होते, आणि ते कोणत्या मोजणीत धरले यावर हा फरक अवलंबून असू शकतो. म्हणून माझ्या तक्त्यात मी दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवले आहेत.