अंतराळात हाडं का झिजतात?

स्पेस स्टेशनवर गुरुत्वाकर्षण नसतं असं बहुतेकांना वाटतं, पण ४०० किलोमीटर उंचीवर ते जमिनीच्या जवळपास ९० टक्के असतंच. स्टेशन आणि आतली माणसं पृथ्वीभोवती सतत पडत असतात म्हणून अंगावर भार येत नाही, आणि सगळं तिथनंच सुरू होतं.

मी शिवाजी विद्यापीठात एमएस्सी झूऑलॉजी करतेय, सेमिनारला हा विषय घेतला आणि आता दुसरं काही वाचावंसंच वाटत नाही.

हाड एकदा बनलं की संपलं असं नसतं, जुनं हाड खाणाऱ्या आणि नवं बांधणाऱ्या पेशी आयुष्यभर कामाला असतात आणि किती बांधायचं ते भारावर ठरतं. भार गेला की बांधणाऱ्या मंदावतात, खाणाऱ्या सुरूच. खुब्यासारख्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्के घटते, सुटलेलं कॅल्शियम लघवीत उतरतं आणि मुतखड्याची भीती वाढते. आपल्या तालमीत पैलवान जोर-बैठका मारतात ते स्वतःच्या वजनावर, स्टेशनवर वजनच जाणवत नाही तर डंबेल नेऊन काय उपयोग! म्हणून एआरईडी नावाचं मशीन आहे, व्हॅक्यूम सिलिंडरच्या विरोधात जोर लावायचा, २७० किलोपर्यंत. रोज दोनेक तास व्यायामालाच जातात.

जमिनीवर याचा अभ्यास करायला, म्हणजे हाडांवर भार येऊ नये म्हणून, निरोगी माणसांना डोकं ६ अंश खाली ठेवून झोपवतात, जेवण-आंघोळ सगळं झोपूनच, २०१९ ला जर्मनीत कोलोनला असा ६० दिवसांचा प्रयोग झाला. हे वाचताना मला आज्जी आठवली, खुब्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तिला दुसऱ्याच दिवशी उभं केलं तेव्हा घरातले सगळे नाराज, म्हातारीला आराम करू द्या की! पण झोपून राहिलं की हाड आणि स्नायू तसेच झिजतात. म्हणून कुणी विचारलं की कोल्हापुरात अंतराळाचं शिकून काय करणार, तर मी हेच सांगते.

२०२५ ला शुभांशु शुक्ला स्टेशनवर गेले तेव्हा स्नायूंच्या पेशींवरचा भारतीय प्रयोगही त्यांच्याकडं होता, ते वाचून लई भारी वाटलं.

मला मात्र आता डोळ्यांचं पडलंय. रक्त-पाणी डोक्याकडं सरकतं, तोंड सुजतं, पाय बारीक होतात, आणि जास्त दिवस राहिलेल्या काहींच्या डोळ्याच्या नसेलाही सूज येते, पण नेमकं का ते अजून पक्कं ठरलेलं नाही. डिझर्टेशनला तेच घ्यायचं म्हणतेय.