तिरफळाच्या झाडाखाली: आंबोली-पारपोलीची फुलपाखरं

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस आंबोली आणि घाटाच्या पायथ्याचं पारपोली असं फिरून आलो. पारपोली आता फुलपाखरांचं गाव म्हणून ओळखलं जातं, आणि ते नाव त्याला शोभतं. माझी ही चौथी खेप. पहिल्या तीन खेपांत कॅमेरा घेऊन नुसता पाखरांच्या मागे धावलो. यंदा झाडं बघत फिरलो आणि पहिल्यांदाच मनासारखं बघायला मिळालं.

पहिली सकाळ वाया गेली. घाटमाथ्यावर धुकं, अंगावर बारीक तुषार. ऊन नसेल तर फुलपाखरू पंख मिटून पानाखाली बसून राहतं, कितीही फिरा. साडेदहाला तो नाद सोडून पायथ्याला उतरलो. तिथे लख्ख ऊन होतं. वर ढग असेल तर खाली यावं, हे लक्षात ठेवा.

मुक्कामाच्या घरी काकी अंगणात तिरफळं वाळत घालत होत्या. मी कशासाठी आलोय ते सांगितल्यावर म्हणाल्या, "मगे तिरफळाच्या झाडाकडे वाईच बसा. पाल्यार किडे आसतत, तेंका हात लावू नकात." बांगड्याच्या तिखल्यात मसाला म्हणून पडणाऱ्या या तिरफळाच्या झाडाचा पाला म्हणजे मलबार बँडेड पीकॉकच्या अळीचं खाद्य. हे फुलपाखरू फक्त पश्चिम घाटात सापडतं, आणि 2018 साली केरळने त्याला राज्य फुलपाखरू केलं. काटेरी खोडापासून चार हात दूर सावलीत बसलो. पाऊण तास काही नाही. मग वरच्या फांद्यांतून एक मादी उतरली. काळ्या पंखांवर हिरवी भुकटी शिंपडल्यासारखी, मधोमध रुंद निळसर-हिरवा पट्टा. दोन फेऱ्या मारल्या आणि गेली. तेवढ्यानेही दिवस भरून पावला.

दुसऱ्या दिवशी ओढ्याकाठच्या दाट सावलीत मलबार ट्री निम्फ दिसलं. पांढरं, काळ्या ठिपक्यांचं, पतंगाचा कागद वरून सोडावा तसं तरंगत खाली येतं. पक्ष्यांना ते खायला नकोसं वाटतं, त्यामुळे त्याला घाई नसते. त्याला सदाहरित रानाचा ओलसर अंधार लागतो. वरचं छत विरळ झालं की ते तिथे राहत नाही. पुढे एका झाडाच्या खोडातून रस झिरपत होता, तिथे एक वाळकं पान उलटं चिकटलेलं दिसलं. देठ, मधली शीर, बुरशीचे डाग, सगळं पानाचं. जवळ गेलो तर ते उघडलं आणि आत गडद निळं! ब्लू ओकलीफ. त्याच्या अळ्या कारवीच्या जातीच्या झुडपांवर वाढतात, म्हणून कारवी दिसली की आसपासची खोडंही नीट न्याहाळा.

पण ज्यासाठी गेलो होतो ते होतं सदर्न बर्डविंग. त्याचा 190 मिलिमीटरचा पंखविस्तार 1932 पासून देशात सर्वांत मोठा मानला जात होता. 2020 मध्ये उत्तराखंडातल्या डिडीहाटच्या 194 मिलिमीटरच्या गोल्डन बर्डविंगने तो मागे टाकला. नर सकाळी उंचावरून जातात, खालून फक्त पिवळा झळाळ दिसतो. जवळून बघायचं तर सापसनाचा वेल गाठावा लागतो. या वेलाचं विष अळी अंगात साठवते आणि तेच पुढे फुलपाखराला वाचवतं.

गेल्या वर्षी एका काजूच्या बागेच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, सापसन दाट पसरलेला बघून ठेवला होता. यंदा जाऊन बघतो तर गडगा स्वच्छ. बाग बेणताना वेलही गेला होता. पोटात कालवलं. बागमालकाला विचारलं तर त्यांच्या लेखी ते तण होतं, आणि त्यांना कुणी कधी वेगळं सांगितलंच नव्हतं. अर्धा तास बोलल्यावर ते स्वतःच मला बागेच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथे एक वेल शिल्लक होता. तो राखतो म्हणाले.

तिथेच मादी आली. पानापानावर क्षणभर टेकून पुढच्या पायांनी चाचपायची. फुलपाखरू पायांनी चव घेतं. पाच-सहा पानं नापसंत केली, मग एकाच्या कडेला धरून पोट आत वळवलं. ती उडाल्यावर पान न तोडता खाली वाकून बघितलं: मोहरीपेक्षा जरासं मोठं, एकच गोल अंडं.

जाणाऱ्यांसाठी थोडं. कोकण रेल्वेने सावंतवाडी रोडला उतरा. सावंतवाडी ते आंबोली साधारण 30 किलोमीटर, एसटी मिळते. पारपोलीत आत फिरायला मात्र रिक्षा किंवा पाय. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरचा मध्य हा माझ्या मते सर्वांत चांगला काळ, आणि सकाळी साडेआठ ते साडेअकरा ही वेळ चुकवू नका. वाटाड्या गावातलाच घ्या, त्याला वेल ठाऊक असतात. जळवा अजून असतात. लांब मोजे घाला, मीठ जमिनीवर टाकत फिरू नका. फांदीला हात घालण्याआधी बघा, हिरवा चापडा हा विषारी साप पानांत दिसत नाही. ओल्या वाळूवर क्षार शोषायला बसलेल्या जय, ब्लूबॉटल या फुलपाखरांच्या घोळक्यात पाय टाकू नका. दहा हातांवर बसून राहिलात तर उडालेली परत येतात. दुर्बीण जवळचं दाखवणारी हवी. फोटोसाठी पाखरू पकडणं, फांदी वाकवणं, अळी उचलणं यांतलं काहीही करू नका.

परतीच्या सकाळी पुन्हा त्या वेलाकडे गेलो. अंडं जागेवर होतं, आणि शेजारच्या पानाखाली आणखी एक.