आमची वाटचाल: यझ्द ते पुणे कॅम्प

धंदा तसा लहानच. एक भट्टी, मोजकी टेबलं, सकाळी सहाला ब्रूनपावाची पहिली खेप. आजोबा मूळचे इराणातल्या यझ्दचे. आम्ही बहाई, म्हणजे एकोणिसाव्या शतकात इराणातच सुरू झालेल्या एका वेगळ्या धर्माचे लोक. १९०३ च्या उन्हाळ्यात तिथे बहाईंची कत्तल झाली, त्यात त्यांचे काका गेले. पुढे आजोबा बोटीने मुंबईला आले, इराण्याच्या हॉटेलात कपबशा विसळल्या आणि पुण्यात येऊन स्वतःची बेकरी थाटली. भवानी पेठेतल्या एका व्यापाऱ्याने तारण न मागता मैद्याची पोती उधार दिली. त्याच्या वहीत आजोबांचं नाव नव्हतं, नुसतं 'कॅम्पातला इराणी' एवढंच. त्या उधारीवरच दुकान उभं राहिलं.

वडिलांनी खारी, नानकटाई, मावा केक वाढवले. दुकानाला बरकत आली ती त्यांच्याच काळात, आणि तिकडून वाईट बातम्या येऊ लागल्या त्याही तेव्हाच. १९७९ च्या क्रांतीनंतर इराणात दोनशेहून जास्त बहाई मारले गेले. १८ जून १९८३ ला शिराझमध्ये दहा बायकांना एकीमागून एक फासावर चढवलं. धर्म सोडला म्हटलं असतं तर सुटल्या असत्या. सगळ्यांत धाकटी मोना महमूदनिझाद, १७ वर्षांची. तिचा एक 'गुन्हा' म्हणजे लहान मुलांचे वर्ग घेणं. बातमी पोचली त्या दिवशी वडिलांनी दुकान बंद ठेवलं नाही. गल्ल्यावर बसून सुटे पैसे जास्तीचे देत होते, आणि गिऱ्हाईकं मुकाट्याने मोजून परत करत होती.

या देशाने काय दिलं, असं कुणी विचारलं तर मला भाषण जमत नाही. माझी मुलगी फॉर्मवर 'बहाई' लिहून कॉलेजात गेली. तिकडे बहाई असल्याचं कळलं की विद्यापीठाचं दार बंद.

१६ सप्टेंबर २०२२ ला तेहरानमध्ये महसा अमिनी गेली. हिजाबवरून पोलिसांनी धरून नेलं होतं तिला. मग लोक रस्त्यावर, गोळीबार, इंटरनेट बंद. पुण्यात शिकणारी इराणी मुलं आमच्याकडे येऊन बसायची. बहुतेक मुसलमान घरांतली. वडील अशा मुलांशी जपूनच बोलत, आणि त्यात त्यांचं चुकलं असं मला वाटत नाही. पण यातल्या काहींनी शिराझच्या त्या दहा जणींबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या टेबलावर. एक मुलगी आईला पाठवलेल्या मेसेजची एकच टिक बघत बसायची, चहा गार व्हायचा. मी दुसरा, 'पाणी कम' म्हणजे कमी पाण्याचा कडक चहा, आणून ठेवायचो, बिल एकाचंच. मी चहावाला, आणखी काय करणार!

तेव्हापासून दुकानात कुणाचा फोटो न विचारता काढायचा नाही, असा नियम आहे. काही गिऱ्हाईकं कुरकुरतात. पण आंदोलनाबद्दल बोलणाऱ्या मुलीचा फोटो तिकडे पोचला तर तिच्या घरच्यांवर बेतू शकतं.

सध्या भट्टी धाकटा भाऊ सांभाळतो, ऑनलाइन ऑर्डरी मुलगी बघते. २० किंवा २१ मार्चला नवरोझची, म्हणजे आमच्या नव्या वर्षाची, सुट्टी असते. मोठी ऑर्डर असेल तर दोन दिवस आधी सांगा.