कपाळावरची खोक

नौपाड्यातल्या आमच्या स्टुडिओत जुने फोटो दुरुस्तीला येतात ते बहुतेक पितृपक्षाच्या आधी. गेल्या डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मात्र एक तरुण आपल्या आजीला घेऊन आला. त्याचे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनचे, म्हणजे जंगी पलटणीचे शिपाई होते आणि १९७१ च्या डिसेंबरमध्ये, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील जमालपूरच्या लढाईत त्यांना वीरमरण आले होते. १६ डिसेंबरला, विजय दिवसाच्या कार्यक्रमात, त्यांच्या सोसायटीत आजोबांचा मोठा फोटो लावायचे ठरले होते.

नातवाने मोबाइलमधला फोटो दाखवला. कोणत्याशा अ‍ॅपने तो रंगीत आणि गुळगुळीत करून दिला होता. चेहरा उजळ, जबडा रुंद, छातीवर पदकांची एक रांग. मी तो संगणकाच्या पडद्यावर मोठा केला, तशा आजी खुर्ची ओढून जवळ आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “ह्ये आमचं मालक न्हवंत.”

त्यांनी पिशवीतून मूळ फोटो काढला. कसम परेडनंतर, म्हणजे प्रशिक्षण संपल्यावरच्या शपथविधीनंतर, बेळगावात काढलेला, पोस्टकार्डाएवढा, कृष्णधवल. एका कोपऱ्याला बुरशी लागलेली आणि मधोमध घडीची चीर गेलेली. भिंगाखाली पाहिले तेव्हा उजव्या भुवईच्या वर एक तिरपी खूण दिसली. लहानपणी बैलाने शिंग मारले होते, त्याची ती खोक. अ‍ॅपने तिला डाग समजून पुसून टाकले होते. आणि छाती मोकळी होती. प्रशिक्षण नुकतेच संपलेल्या विशीतल्या शिपायाच्या छातीवर पदके असणार तरी कुठून?

नातवाचे म्हणणेही मला कळत होते. आजोबांना त्याने कधी पाहिले नव्हते, त्यांचा पराक्रम चारचौघांना दिसावा एवढीच त्याची इच्छा होती. पण एखाद्या माणसाने देशासाठी प्राण दिले असतील, तर त्याच्या चित्रात आपल्या मनाने काही घालण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही, असे मला मनापासून वाटते. जे त्याचे होते तेवढेच आणि ते सगळे दिसले पाहिजे. त्यात ती खोकही आली.

आजींनी मग एक डबी उघडली. आत ‘पूर्वी स्टार’ हे पूर्व आघाडीवरच्या सैनिकांना मिळालेले पाच टोकांचे पदक आणि संग्राम पदक होते. ही दोन्ही त्या युद्धाबद्दल दिलेली, म्हणजे ती घरी आली तेव्हा ती लावणारा राहिला नव्हता. त्या काळी धारातीर्थी पडलेल्या जवानाचा पार्थिव देह गावी आणण्याची रीत नव्हती, रणभूमीजवळच अंत्यसंस्कार होत. तिरंग्यात लपेटलेल्या शवपेट्या गावोगावी येताना आपण पाहिल्या त्या १९९९ च्या कारगिल युद्धात. आजींच्या घरी तार आली, नंतर ट्रंक आली आणि बऱ्याच काळाने ही पदके. पुढे आजी आपल्या तान्ह्या मुलाला घेऊन भावाकडे ठाण्यात आल्या आणि वागळे इस्टेटीतल्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम करून त्यांनी त्याला वाढवले. हे त्यांनी मी विचारले म्हणून सांगितले, तेही दोन वाक्यांत.

तो सबंध दिवस मी त्या एकाच फोटोवर घालवला. चीर भरली, बुरशीचे ठिपके एकेक करून काढले, टोपीवरचा बिल्ला आणि खांद्यावरची अक्षरे यांना हातही लावला नाही, रंग भरला नाही. संध्याकाळी आजी परत आल्या आणि पडद्याकडे बराच वेळ पाहून म्हणाल्या, “आता बरोबर हाय.” पदकांसाठी खोल चौकट करायचे ठरले: वर फोटो, खाली मखमलीवर आधी पूर्वी स्टार आणि मग संग्राम पदक, मानाच्या क्रमाने. नातवानेही ते आनंदाने मान्य केले.

चौकटीखालच्या पट्टीसाठी त्याने हुद्दा, नाव, पलटण आणि जमालपूर एवढा मजकूर सांगितला. “नंबर घाला की,” आजी म्हणाल्या आणि कुठलाही कागद न पाहता त्यांनी पतीचा लष्करी क्रमांक सांगितला. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्या प्रत्येक अर्जावर तो लिहून त्यांना पाठ झाला होता. मी तो उतरवून घेतला आणि संग्राम पदकाच्या कडेवर कोरलेल्या क्रमांकाशी भिंगाने ताडून पाहिला. एकही आकडा चुकलेला नव्हता.