पोस्टमनची डिसोटो

क्रायस्लर कंपनीची जुनी डिसोटो एअरफ्लो मोटार ट्रेलरवरून उतरली तेव्हा आमच्या दुकानातली पोरं हसलीच. १९३४ साली ही गाडी बाजारात आली तेव्हा अख्खी अमेरिका हसली होती, मग पोरांना काय दोष द्यायचा! नाक बसकं, दिवे गालात रुतलेले, पुढची जाळी कपाळापासून खाली ओघळलेली. त्यात हिचा गडद निळा रंग टपावर आणि बॉनेटवर उडून राखाडी झालेला.

मी ओहायोमध्ये जुन्या गाड्या कमिशनवर विकणाऱ्या एका दुकानात काम करतो. वडिलांचं सांगलीला गॅरेज होतं. वालचंद हिराचंदांच्या कुर्ल्याच्या कारखान्यात जुळणी झालेले डॉज आणि फार्गो ट्रक दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. डॉज, फार्गो ही क्रायस्लरचीच नावं, त्यामुळे त्या गोतावळ्यातलं काही आलं की आमचे मालक मलाच पुढे करतात.

गाडीच्या मालकीणबाई पंचाऐंशीच्या पुढच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांचे वडील खेड्यापाड्यांत टपाल वाटायचे. इथे ग्रामीण भागातला पोस्टमन अनेक ठिकाणी अजूनही स्वतःची गाडी वापरतो, तेव्हाही वापरायचा. मंदीत शेजारीपाजारी देशोधडीला लागत असताना या माणसाचा सरकारी पगार मात्र चालू होता. त्याने १९३६ मध्ये ही दोन वर्षं वापरलेली एअरफ्लो घेतली, कारण ती स्वस्त पडली. नव्या गाडीची किंमत होती ९९५ डॉलर. पण हसं झालेली गाडी जुन्या बाजारात कोण उचलणार?

खरं तर गाडी काळाच्या पुढची होती. क्रायस्लरचे इंजिनिअर कार्ल ब्रीअर यांनी ऑर्व्हिल राइट यांचा सल्ला घेऊन वाऱ्याच्या बोगद्यात गाड्यांच्या प्रतिकृती तपासल्या. तेव्हाच्या खोकेवजा गाड्यांना पुढे जाण्यापेक्षा उलटं जाताना हवेचा अडथळा कमी होतो, असं त्यांना आढळलं. मग त्यांनी आकार तर बदललाच, शिवाय इंजिन पुढच्या आसावर सरकवलं आणि मागची सीट मागच्या आसाच्या पुढे आणली. लोकांना मात्र ते नाक काही पचलं नाही. सुरुवातीच्या गाड्यांत खोट निघाली, अफवा पसरल्या. क्रायस्लरच्या विक्रेत्यांकडे त्या वर्षी जुन्या वळणाची सहा सिलिंडरची गाडीही होती. डिसोटोवाल्यांकडे एअरफ्लोशिवाय काहीच नव्हतं. जेमतेम १४ हजार गाड्या खपल्या, आदल्या वर्षीपेक्षा कितीतरी कमी. १९३६ नंतर डिसोटोने हा प्रकार बंदच केला.

गिऱ्हाईक मिशिगनहून येणार होतं. निवृत्त इंजिनिअर, सोबत त्यांचा माहीतगार मेकॅनिक. त्या दिवशी सकाळी दुकान उघडतो तो बाई दारात हजर. एका हातात बादली, दुसऱ्या हातात पॉलिशचा डबा, आणि मदतीला शेजारचा मुलगा. पाहुणे मुलगी बघायला येणार म्हटल्यावर घरात जी धावपळ होते, तीच त्यांच्या डोळ्यांत. "एवढ्या लांबून येताहेत लोक, त्यांना धुळीची गाडी दाखवायची?"

मी बादली अक्षरशः काढून घेतली. पॉलिशने उरलासुरला मूळ रंग घासला गेला असता, आणि एकदा गेलेला रंग कुठल्याही पैशाने परत येत नाही. आपल्याकडे जुनी गाडी म्हटलं की आधी रंगाचा डबा उघडतो. वडीलही दसऱ्याला ट्रकवर नवा हात मारायचे. मीसुद्धा त्याच संस्कारातला, त्यामुळे बाईंचं दुखणं मला कळत होतं. पण चार दारांच्या सेडानला नव्याने सजवायला जो खर्च येतो तो विकून कधीच निघत नाही. या गाडीची किंमत ती जशी राहिली त्यातच होती.

"म्हणजे फाटक्या सीटचे जास्त पैसे?" बाईंनी विचारलं.

"फाटकी आहे म्हणून नाही, तीच आहे म्हणून."

त्यांना ते पटलं नाही. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती चाळीस वर्षं वह्या तपासलेली नजर होती.

पाहुणे आले. मी आधी त्यांच्या हातात यादी ठेवली: काय काय बदललंय त्याची. टायर, ब्रेकचे होज आणि सिलिंडर, सायलेन्सर, वायरिंगचा काही भाग, टपावरचं कापड, एका मडगार्डचा रंग. या धंद्यात हे स्वतःहून सांगितलेलं बरं; नंतर त्यांनी शोधून काढलं तर उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कोणी विश्वास ठेवत नाही. मेकॅनिकने यादी खिशात घातली आणि स्वतःच्या डोळ्यांनी सगळं पहिल्यापासून तपासायला घेतलं. मला तो तिथेच आवडला.

रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन तो दारावरून, बॉनेटवरून फिरत राहिला. आकडे सारखे येत होते. पुढच्या उजव्या मडगार्डवर आकडा एकदम दुप्पट. त्याने मान वर केली. इंजिनिअरसाहेबांचा चेहरा पडला. मला मडगार्ड रंगवलंय एवढं माहीत होतं, यादीत लिहिलंही होतं. पण का आणि कधी ते माहीत नव्हतं.

बाई पुढे आल्या. "बर्फावर घसरून बाबांनी टपालपेटीला धडक दिली होती. स्वतःच ब्रशने रंग लावला, धान्याच्या कोठारात." बोट टेकून त्यांनी ब्रशच्या रेघा दाखवल्या. मग मेकॅनिक उजव्या बाजूला गुडघ्यावर बसला. इथे गावाकडच्या टपालपेट्या रस्त्याच्या कडेला, गाडीच्या उजव्या हाताला येतात. उजव्या दोन्ही दारांवर बरोबर पेटीच्या उंचीला बारीक ओरखडे होते. डाव्या बाजूला एकही नाही. काचेच्या कोपऱ्यात युद्धकाळातल्या पेट्रोल रेशनिंगचा 'सी' स्टिकर अजून चिकटलेला होता, डॉक्टर-पोस्टमन अशांना जास्तीच्या पेट्रोलसाठी मिळायचा तो. इंजिनिअरसाहेब त्या स्टिकरसमोर चांगलाच वेळ उभे राहिले.

राहिला इंजिनचा प्रश्न. त्या काळी अनेक राज्यांत मालकीच्या कागदावर, म्हणजे टायटलवर, इंजिनचाच नंबर लिहीत. एरवी ही कटकट असते. कोणी मध्येच इंजिन बदललं तर कागद आणि गाडी जुळत नाहीत. इथे तीच कटकट कामाला आली. बाईंच्या वडिलांचा जीर्ण कागद मी पुढे केला, मेकॅनिकने ब्लॉकवरची मेण झालेली ग्रीस चिंधीने पुसली आणि एकेक आकडा मोठ्याने वाचला. सगळे जुळले.

मग फेरी. बॅटरी सहाच व्होल्टची, म्हणून स्टार्टर आळसावल्यासारखा फिरला आणि इंजिन लागलं. मी चालवत होतो. साहेब शेजारी, बाई मागे. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, गाडी पुरती थांबल्याखेरीज तो घालायचा नाही, हे सांगेपर्यंत आम्ही गावाबाहेर. उखडलेल्या रस्त्यावर गाडी हिंदकळायची ती लांब, संथ. मागून बाई म्हणाल्या, "लहानपणी कुठल्याही गाडीत बसले की मला ओकारी व्हायची. हिच्यात कधीच नाही." साहेबांनी मागे वळून त्यांना पुढे सरकवलेली सीट, आसांमधला वजनाचा समतोल असं सगळं समजावलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाबा म्हणायचे, बाहेर बघत बस म्हणून."

किंमत सांगत नाही. दोन्हीकडून तशी विनंती आहे. घासाघीस झाली, पण मडगार्डसाठी एक डॉलरही कापला गेला नाही. उलट साहेबांनी एक अट घातली: ब्रशची हकीकत बाईंनी स्वतःच्या हाताने लिहून द्यावी. ओहायोत टायटलवर विकणाऱ्याची सही नोटरीसमोर करावी लागते. नोटरीच्या टेबलावरच बाईंनी कागद मागितला आणि वळणदार अक्षरात पानभर लिहिलं. खाली तारीख, सही. शिवाय मी केलेल्या यादीतल्या स्पेलिंगच्या दोन चुकाही लाल पेनने दुरुस्त करून दिल्या.

गाडी बंद ट्रेलरमध्ये चढत असताना मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. वाटलं, काहीतरी बोलावं. त्यांनीच विचारलं, "तुमचं कमिशन कापून चेक कधी वटेल? स्वयंपाकघराचं छत गळतंय माझ्या."

सोमवारपर्यंत, मी म्हटलं.