आमची वाटचाल : डिप्लोमा की डिस्चार्ज बुक?

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं डिझेल जनरेटर दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. भाड्याच्या गाळ्यात मी आणि एक हेल्पर, अशी सुरुवात. आता दवाखाने, मंगल कार्यालयं, कोल्ड स्टोरेज यांच्या एएमसीवर, म्हणजे वर्षभराच्या देखभालीच्या करारावर, वर्ष निघतं. पाने-मशिनं सगळ्यांकडे सारखीच असतात, त्यामुळे लिहायचं ते माणसांबद्दलच.

आमचा जिल्हा फौजेचा. अपशिंगे गावाच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एकट्या गावाचे 46 जवान कामी आले. पेन्शनीत आलेला माणूस इथे शोधावा लागत नाही. नाईक असो की हवालदार, गावात तो ‘मेजर’च. पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, हातात अजून वीस वर्षांचं काम असतं, आणि बोलावणं येतं ते एटीएमच्या दारात उभं राहायचं. ईएमईत, म्हणजे फौजेच्या यंत्रं दुरुस्त करणाऱ्या विभागात, जन्मभर इंजिनं उघडलेल्या माणसाला गेटवर शिट्टी द्यायची, का, तर त्याच्याकडे डिप्लोमा नाही!

आमच्याकडे पहिले मेजर आले ते ओळखीतून. आल्या आल्या त्यांनी प्लायवूडच्या फळीवर एकेका पान्याची आकृती रंगवून घेतली. संध्याकाळी फळीवर एक जरी जागा रिकामी दिसली तरी शटर खाली येत नाही. पोरं वैतागली. मग एकदा 17 चा रिंग पाना सापडेना. शोधता शोधता तो निघाला ओव्हरहॉल होऊन डिलिव्हरीला निघालेल्या जनरेटर सेटच्या कॅनोपीत (बाहेरच्या पेटीत), फॅनच्या बेल्टजवळ. सेट चालू झाला असता तर रेडिएटरची चाळण झाली असती. त्या दिवसापासून फळीबद्दल कुणी कुरकुरत नाही.

लॉगबुकचंही तसंच. ‘ऑइल बदललं’ एवढ्यावर मेजरांचं भागत नाही. इंजिन चालल्याचे तास किती झाले, बॅटरीचं व्होल्टेज किती, आणि खाली सही.

म्हणून डिग्री फुकट, असं मात्र मी म्हणणार नाही. कराडहून बी.ई. होऊन आलेली आमची इंजिनिअर लोडचा हिशोब मांडते तो मेजरांना जमत नाही, मलाही नाही. गिऱ्हाईक म्हणतं मोठाच सेट द्या. ती त्याला समजावते की मोठा सेट सतत कमी लोडवर चालवला की अर्धवट जळलेलं डिझेल सायलेन्सरमध्ये साचतं आणि इंजिन काजळी धरतं. शिवाय पॅनेलच्या कामाला इलेक्ट्रिकल सुपरवायझरचं परमिट लागतं. तिथे डिस्चार्ज बुक, म्हणजे फौजेतून निवृत्त होताना मिळणारं सेवेच्या नोंदीचं पुस्तक, दाखवून चालत नाही.

राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटमध्ये शिक्षणाच्या रकान्यात मेजरांचे फौजेतले ट्रेडचे कोर्स लिहिले, तर ‘हे धरत नाही’ म्हणून खोडले. खुद्द केंद्र सरकारच्या नियमांत 15 वर्षं सेवा झालेल्या मॅट्रिक माजी सैनिकाला गट-क च्या पदवी लागणाऱ्या, पण तांत्रिक अनुभवाची अट नसलेल्या राखीव पदांसाठी पात्र धरायची तरतूद आहे. सरकारला चालतं, यांना चालत नाही. दुसरी खोड पगाराची : ‘पेन्शन आहे ना, मग कमीत येईल.’ पेन्शन मागच्या नोकरीची, पगार इथल्या कामाचा. आमच्याकडे डिप्लोमावाल्याला जेवढा, तेवढाच मेजरांना.

2022 पासून अग्निवीर आले. चार वर्षांनी त्यांतले फार तर 25 टक्के कायम होणार, बाकीची पोरं पंचविशीच्या आत-बाहेर घरी. शिस्त असेल, पण चार वर्षांत पान्याला हात बसतोच असं नाही, त्यातून पायदळातला असेल तर नाहीच. अशा पोराला मी थेट मेकॅनिक घेणार नाही. मेजरांच्या हाताखाली शिकाऊ म्हणून घेईन, आणि संध्याकाळचा आयटीआयचा कोर्स करायला सांगेन.

सध्या सर्व्हिसला एक माणूस हवाय. रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची तयारी पाहिजे, टू-व्हीलर पाहिजे. डिप्लोमा असेल तर सर्टिफिकेट आणा, फौजेतून आला असाल तर डिस्चार्ज बुक. दोघांनाही आधी बंद पडलेला सेट चालू करून दाखवावा लागेल.